पिकअप गाडीस पोलादी बंपर

आंबिया बहाराची तोड सुरू झाली म्हणजे अचलपूर, चांदूरबाजार, मोर्शी व वरुड या तालुक्यांतील रस्त्यांवर पिकअप गाड्यांची रीघ लागते. बागेंतून परतवाड्याच्या संत्रा बाजारांत, तेथून अमरावतीस अगर नागपुरास, आणि पुढें कापसाच्या दिवसांत गांवांतून जिनिंगांत, अशी ही गाडी हंगामभर विसावा घेत नाहीं. एके काळीं मूर्तिजापुराहून अचलपुरापर्यंत येणारी अरुंद मापाची रेल्वे या भागाचा कापूस वाहून नेत असे. त्या मार्गावरील गाड्या बंद पडल्या, बैलगाडीही मागें पडली, आणि शेताच्या बांधापर्यंत जाऊन माल उचलणारी पिकअप ही बागाईतदाराच्या घरची बैलजोडीच होऊन बसली आहे. बैलजोडी घेतांना आपण दांत पाहतों, खूर पाहतों, चाल पाहतों. गाडीची मात्र दारांत पूजा झाली कीं तिची पहिली फेरी वेल्डिंगच्या दुकानाकडे होते, आणि तिच्या तोंडास दोन इंची नळांची किंवा जाड पत्र्याची पोलादी चौकट बसविली जाते. हिला कोणी गार्ड म्हणतात, कोणी जाळी, कोणी नुसतें बंपर. ही चौकट घ्यावी कीं न घ्यावी, आणि मूळचा बंपर मोडला तर दुसरा कसा निवडावा, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ही चौकट बसविणारा मनुष्य केवळ हौसेनें ती बसवितो असें नाहीं. थोडी हौस असते, आणि शेजाऱ्याच्या गाडीस आहे म्हणून आपल्याही गाडीस हवी हाही भाग असतो. पण मुळांत त्यामागें तीन खऱ्या अडचणी आहेत. पहिली रोह्यांची. दुसरी, बाजारांत व जिनिंगच्या आवारांत गाडी मागेंपुढें करतांना लागणाऱ्या किरकोळ धक्क्यांची. त्यांत मूळचा पातळ पत्र्याचा अगर प्लास्टिकचा बंपर फुटतो. तिसरी काळ्या मातीची; पावसाळ्यांत गाडी धुऱ्यावर फसली म्हणजे तिला ओढून काढण्यास बळकट जागा लागते. या तिन्ही अडचणींवर दुकानदार एकच लोखंडी उपाय दाखवितो, आणि लोखंड जाड दिसत असल्यामुळें तो डोळ्यांस पटतो. आपण या अडचणी एकेक करून घेऊं, म्हणजे लोखंड कोठें कामास येतें व कोठें उलटें अपाय करतें तें दिसून येईल.

रोह्यांचा उपद्रव आमच्या वाचकांस सांगावयास नको. सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्णेच्या कांठापर्यंत तुरींत आणि हरभऱ्यांत त्यांचे कळप फिरतात. तुरीचें पीक उभें असेपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांस पुरुषभर आडोसा असतो, आणि त्यांतून जनावर एकदम डांबरावर येतें. पूर्ण वाढीचा नर दोनशें किलोंच्या वर भरूं शकतो, व त्याचा खांदा जमिनीपासून चार ते पांच फूट उंच असतो. गाडीचा बंपर याच्या निम्म्याहूनही खालीं असतो. म्हणजे टक्कर होते ती त्याच्या लांब पायांशीं. पाय खालून गेले कीं दोन मणांचें नव्हे, पांच मणांचें धूड बॉनेटवर चढतें आणि तेथून समोरच्या कांचेवर येतें. पोलादी चौकट बॉनेटच्या उंचीपर्यंत नेली तरी ती या धुडाच्या मध्याच्या खालींच राहते. सावकाश जाणाऱ्या गाडीचे दिवे व रेडिएटर ही चौकट वांचवील, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ज्या वेगांत चालकाच्या जिवाचा प्रश्न येतो त्या वेगांत धोका दिव्यांकडून नसून कांचेकडून असतो, आणि कांचेपुढें चौकट नसते.

शिवाय रोह्यांमुळें होणारे कित्येक अपघात रोह्यास धडकून नव्हे, तर त्यास चुकवितांना होतात. चालक एकदम चाक फिरवितो, संत्र्याच्या कॅरेटी उंच रचलेली गाडी एका अंगावर जाते, आणि कडेचें निंबाचें झाड किंवा नाली तिची वाट पाहत असते. अशा वेळीं पुढें लोखंड असल्यानें गाडी सांवरत नाहीं. उलट चौकट असलेला चालक थोडा अधिक धीट होतो व रात्रीं वेग कमी करीत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. मनुष्यस्वभावच तसा आहे.

वेगाची गोष्ट निघाली तेव्हां ती मापानें सांगणें बरें. साठ किलोमीटरच्या वेगानें जाणारी गाडी न हलणाऱ्या वस्तूवर आदळली तर तो आघात गाडी सुमारें ४६ फूट खोल कोरड्या विहिरींत पडल्याइतका असतो. वेग चाळीस असेल तर विहीर सुमारें २१ फूट खोल आहे असें समजावें. म्हणजे वेग एक-तृतीयांशानें उतरविला कीं विहिरीची खोली निम्म्याहून कमी होते. तीन टन भरलेल्या गाडीच्या अंगीं असलेलें हें बळ कोठें तरी जिरलेंच पाहिजे. तें कोठें जिरावें, हाच बंपरच्या निवडीचा खरा प्रश्न आहे.

गवताच्या गंजीवर पडलेला मनुष्य उठून चालूं लागतो. तेवढ्याच उंचीवरून फरशीवर पडलेल्याचें हाड मोडतें. पडण्याचा वेग दोन्ही ठिकाणीं एकच होता. भेद इतकाच कीं गंजीनें त्यास दोन हात अंतरांत थांबविलें आणि फरशीनें दोन बोटांत. मोटारगाडी बांधणारे याच न्यायानें तिचें तोंड मुद्दाम मऊ ठेवतात. पुढचा पत्रा, त्यामागील आधार आणि चासीचीं पुढचीं टोकें हीं चुरगळावींत, वाकावींत व तेवढ्या अवधींत गाडीचा वेग उतरावा, अशी ती योजना असते. पत्रा चुरला म्हणजे गाडी हलकी होती असें आपल्याकडे समजतात, पण चुरलेला पत्रा हा चालकाच्या बरगड्यांच्या ऐवजीं चुरलेला असतो. समजा, मूळच्या रचनेंत गाडीचें तोंड पन्नास सेंटीमीटर दबून गाडी थांबली असती, आणि चौकटीच्या ताठपणामुळें तें दहाच सेंटीमीटर दबलें, तर गाडींत बसलेल्या माणसांवर येणारें सरासरी बळ पांचपट होतें. गाडी दिसावयास बरी राहते. आंत बसलेला मनुष्य राहत नाहीं.

ज्या गाड्यांस पुढें नाकच नाहीं, म्हणजे चालकाचे गुडघे थेट पुढच्या पत्र्यामागें असतात, त्यांचे मालक म्हणतात कीं आमच्यापुढें दबण्यासारखें कांहीं नाहीं, म्हणून आम्हांस गार्ड हवाच. हा युक्तिवाद वरवर खरा दिसतो. पण दुकानांतली चौकट बहुधा दोन पट्ट्या व चार बोल्टांवर उभी असते. जोराच्या टकरींत त्या पट्ट्या दुमडतात आणि नळ मागें, म्हणजे चालकाकडेच वळतो. अशा गाडीच्या चालकाचें खरें रक्षण वेग आणि कमरेचा पट्टा हेंच आहे. हा पट्टा आपल्याकडील मालवाहू गाड्यांत बहुधा बैठकीखालीं दडपलेला आढळतो, ही खेदाची गोष्ट आहे.

कांहीं मोठ्या पिकअप गाड्यांत टकरीच्या क्षणीं फुगणाऱ्या हवेच्या पिशव्या असतात. टक्कर किती जोराची आहे हें गाडीचा वेग किती झपाट्यानें उतरतो यावरून ओळखलें जातें, व ती ओळख मूळच्या तोंडाच्या मऊपणावर बसविलेली असते. तोंड बदललें कीं हिशेब बदलतो. पिशवी नको तेव्हां फुगते किंवा हवी तेव्हां उशिरा फुगते.

आतां रस्त्यावरील दुसऱ्या माणसाचा विचार. पोलादी चौकटीचा हा प्रकार मुळांत ज्या देशांतून आला तेथील रस्ते पाहिले पाहिजेत. ऑस्ट्रेलियांत कांगारूंच्या भयानें अशी चौकट मालमोटारींस लावतात. अमेरिकेंत हरणांच्या भयानें मोठ्या पिकअप गाड्यांस जाड पोलादी बंपर बसविण्याचा मोठा धंदा चालतो. तेथें मैलोगणती रस्ता निर्मनुष्य असतो. आमच्या रस्त्यावर पहांटे कापूस वेचणीस निघालेल्या बाया ओळीनें चालत असतात, शाळेचीं मुलें सायकलींवर असतात, आणि गुरें घेऊन परतणारा गुराखी असतो. गाडीचा मूळचा बॉनेट व पातळ बंपर मनुष्यास लागला तर तो दबतो. इजा होते, पण आघात पसरतो. दोन इंची नळ दबत नाहीं. तो मोठ्या माणसाच्या मांडीच्या हाडास व कमरेस लागतो, आणि मुलाच्या तर छातीस किंवा डोक्यास. याच कारणास्तव युरोपांतील देशांच्या संघानें २००५ सालीं असा नियम केला कीं पायीं चालणाऱ्या माणसाच्या पायास व डोक्यास किती इजा होते याची चांचणी उतरल्याखेरीज अशी चौकट विकतां येणार नाहीं. या चांचणींत ताठ लोखंडी नळ टिकणें कठीण असतें. आपल्या गांवच्या वेशींत आपल्याच गाडीखालीं आपल्याच मजुराचें मूल आलें तर ती चौकट कोणाच्या रक्षणासाठीं लावली होती, हा प्रश्न मालकासच पडेल.

कायदाही याबाबत संदिग्ध नाहीं. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणें निर्मात्यानें ठरविलेल्या व नोंदणीपत्रांत लिहिलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल मालकास गाडींत करतां येत नाहीं. २०१७ सालच्या डिसेंबरच्या ७ तारखेस केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयानें सर्व राज्यांस पत्र पाठवून, पुढें लावलेल्या अशा चौकटी या कलमाचा भंग करतात व त्यांवर कारवाई व्हावी, असें कळविलें. ९ जानेवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें केरळांतील एका प्रकरणांत निर्मात्याच्या मूळ रचनेशीं विसंगत बदल कायद्यास मान्य नाहीं असा निर्णय दिला. त्याच वर्षीं कायद्यांत झालेल्या दुरुस्तीनें कलम १८२-अ घालण्यांत आलें. त्यांत अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलामागें पांच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. गाडी विकणाऱ्यानेंच असा बदल करून दिला तर त्यास याहून जड शिक्षा आहे. चौकट उतरवून गाडी पासिंगास न्यावयाची आणि परत येतांच ती चढवावयाची, अशी युक्ति पुष्कळांस ठाऊक आहे. पण अपघाताच्या दिवशीं गाडी पासिंगाच्या वेषांत नसते. त्या दिवशीं पंचनामा होतो, छायाचित्रें निघतात, आणि विमा कंपनीस दावा कापण्यास किंवा नाकारण्यास निमित्त मिळतें. नुकसानभरपाईची रक्कम मोठी असली म्हणजे ती भरण्यासाठीं बाग गहाण पडूं शकते. पांच हजारांच्या दंडापेक्षां आमच्या मतें शेतकऱ्यानें याच गोष्टीचें भय अधिक बाळगावें.

वजनाचा हिशेब कोणी करीत नाहीं, म्हणून तो येथें करून दाखवितों. एक चौरस मीटर पोलादी पत्रा तीन मिलीमीटर जाडीचा असेल तर साडेतेवीस किलो भरतो, पांच मिलीमीटरचा असेल तर एकोणचाळीस किलोंच्या वर जातो. पिकअपच्या रुंदीचा, वर-खालीं दुमडलेला बंपर करण्यास सुमारें एक चौरस मीटर पत्रा लागतो. त्यावर सात-आठ मीटर नळाची चौकट. साधारण दीड-दोन इंची नळ मीटरमागें साडेतीन ते पांच किलो भरतो. आधाराच्या पट्ट्या व बोल्ट धरले म्हणजे पन्नास-साठ किलो सहज होतात. हें ओझें पुढच्या चाकांच्याही पुढें लोंबतें. बैलगाडींत माल आंसाच्या पुढें सरकला म्हणजे बैलांच्या मानेवर जू कसें बसतें हें ज्यानें पाहिलें आहे त्यास पुढचें समजण्यास वेळ लागणार नाहीं. दोन्ही आंसांतील अंतर तीन मीटर असून चौकट पुढच्या आंसाच्या पाऊण मीटर पुढें असेल, तर पन्नास किलोंच्या चौकटीचा भार पुढच्या चाकांवर साडेबासष्ट किलो पडतो, आणि मागच्या चाकांवरून साडेबारा किलो उचलला जातो. पुढचे कमान-पाटे किंवा स्प्रिंगा बसतात, टायर कडेनें झिजतात, स्टिअरिंग जड होतें. रिकामी गाडी ओल्या रस्त्यावर ब्रेक लावतांच मागून सरकते.

आणि हे पन्नास किलो मालाच्या हिशेबांतून वजा होतात. नोंदणीपत्रावरील एकूण वजनाची मर्यादा चौकटीमुळें वाढत नाहीं. वीस-बावीस किलोंचें एक कॅरेट धरलें तर फेरीमागें दोन कॅरेट संत्रीं घरीं राहिलीं. वर्षांत दोनशें फेऱ्या झाल्या तर दहा टन. आणि तीं घरीं न ठेवतां वर चढविलीं तर जादा भाराचा दंड, तो वीस हजारांपासून सुरू होतो. लोखंडाची किंमत दुकानांत एकदां देऊन संपत नाहीं, ती दर फेरीस द्यावी लागते.

आमच्या भागांत आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावें लागतें, ती उष्णता. वैशाखांत भरलेली गाडी घेऊन परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणारांस इंजिनाचा कांटा कसा वर जातो हें ठाऊक आहे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारें अकराशें मीटर उंच आहे. रेडिएटरपुढें रुंद पट्टी, तिच्यावर मालकाचें नांव लिहिलेला पत्रा आणि दोन जादा दिवे अशी आरास केली म्हणजे आंत जाणारा वारा अडतो. हाच दोष दिव्यांच्या बाबतींत. नळ दिव्याच्या कांचेपुढून गेला कीं रस्त्यावर सांवलीची पट्टी पडते, आणि नेमकी कडेची बाजू, जेथून रोही येतो ती, अंधारांत राहते. म्हणजे ज्या भयानें चौकट घेतली तें भय चौकटीनेंच वाढविलें.

काळ्या मातींत फसलेली गाडी काढण्याचा प्रश्न मात्र निराळा, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. येथें बळकट जागा हवी हें खरें. पण ती जागा बंपर नव्हे. गाडीच्या चासीस पुढें, आणि कित्येक गाड्यांत मागेंही, ओढण्यासाठीं हूक किंवा कडी दिलेली असते. कोठें ती आंत बसवून ठेवलेली असते व हत्यारांच्या पिशवींतील आंकडा तेथें फिरवून बसवावा लागतो. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकांत तिची जागा दाखविलेली असते. तें पुस्तक पहिल्याच दिवशीं कपाटांत जातें, तें एकदां काढून पाहावें. चाकें आंसापर्यंत रुतलीं असतील तर माती धरून बसते, आणि गाडीच्या वजनाइतकेंही बळ लागूं शकतें. एवढें बळ बंपरच्या चार बोल्टांवर घातलें तर बंपर निखळतो, आणि ताणलेल्या सांखळीस लोंबणारें तें लोखंड ट्रॅक्टरवाल्याच्या पाठीकडे किंवा बघ्यांच्या घोळक्यांत उडतें. दुकानांत बनविलेला जाड बंपर याला अपवाद नाहीं. तो स्वतः वाकत नाहीं म्हणून त्याचे बोल्ट आधीं तुटतात. म्हणून सांखळी चासीच्या हुकासच लावावी, आधीं चाकांपुढील माती फावड्यानें मोकळी करावी, पऱ्हाटीच्या काड्या किंवा जुनें पोतें चाकांखालीं द्यावें, ट्रॅक्टरनें झटका न देतां हळूहळू ताण घ्यावा, आणि सांखळीच्या दुप्पट अंतरापर्यंत कोणासही उभें राहूं देऊं नये. तिच्या मध्यावर एखादें ओलें पोतें टाकलें म्हणजे ती तुटली तरी उसळत नाहीं.

ट्रॅक्टरच्या पुढें जाड लोखंडी बंपर असतो व तो कंपनीच देते, मग पिकअपला कां नको, असें कोणी विचारील. नांगर किंवा ट्रॉली ओढतांना ट्रॅक्टरचें तोंड वर उचललें जातें. तें खालीं राखण्यासाठीं पुढें वजन उपयोगीं पडतें, आणि ट्रॅक्टर साठच्या वेगानें पळत नाहीं. पिकअपचें काम याच्या उलट आहे. एकाचें औषध दुसऱ्यास देऊन चालत नाहीं.

मग मूळचा बंपर फुटला, वाकला अगर गंजला तर काय घ्यावें? आमचें उत्तर असें कीं त्याच गाडीचा, त्याच सालच्या नमुन्याचा, निर्मात्याचा मूळ सुटा भाग घ्यावा. तो महाग वाटला तर दुसऱ्या कारखान्याचा त्याच मापाचा व त्याच जातीचा भाग मिळतो. तो घेतांना जुना बंपर बरोबर नेऊन शेजारीं ठेवावा. बोल्टांचीं भोकें जुन्या जागींच जुळलीं पाहिजेत, नवीं पाडावीं लागतां कामा नयेत. मूळचा प्लास्टिकचा असेल तर प्लास्टिकचाच, पत्र्याचा असेल तर त्याच जाडीच्या पत्र्याचा. जाड पत्रा हा येथें गुण नव्हे. कडा आंत वळविलेल्या असाव्यात; उघडी धार किंवा टोंक असूं नये. बंपर गाडीच्या रुंदीबाहेर येऊं नये, नंबरपट्टी व दिवे झांकूं नये. रंग पाहतांना वरचा न पाहतां आंतील बाजू पाहावी. वरून चकचकीत व आंतून उघडा पत्रा दोन पावसाळ्यांत पोखरतो, विशेषतः ज्या गाडींतून खतांचीं पोतीं वाहिलीं जातात तिचा. बंपर व चासी यांच्यामध्यें असलेले आधार वाकले असतील तर तेही बदलावेत. ते ठोकून सरळ करून पुन्हा बसविण्याची चाल आहे, पण एकदां दुमडलेलें लोखंड पुढच्या खेपेस ठरल्याप्रमाणें दुमडत नाहीं.

वेल्डिंगवाल्यास चासीस हात लावूं देऊं नये. चासीच्या पट्टीच्या वरच्या व खालच्या कडेस भोंक पाडणें किंवा वेल्ड करणें म्हणजे तिच्या कण्यासच इजा करणें होय. तापलेल्या जागीं पोलादाचा गुण बदलतो आणि पुढें भाराखालीं तेथूनच तडा जातो. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या धूर-नियमाच्या गाड्यांत विजेवर चालणारीं नाजूक नियंत्रक यंत्रें पुष्कळ आहेत. गाडीवर कोठेंही वेल्डिंग करणें भाग पडलें तर आधीं बॅटरीच्या तारा सोडवाव्यात, नाहींतर दोनशें रुपयांच्या वेल्डापायीं नियंत्रकाचा खर्च अंगावर येतो.

बाजारांतील किरकोळ धक्क्यांसाठीं पोलाद शोधण्यापेक्षां बंपर हा फुटण्यासाठींच आहे हें मनानें घ्यावें. तो नांगराच्या फाळासारखा झिजणारा व बदलण्याचा भाग आहे. गाडी मागें घेतांना फाळक्याशीं एक माणूस उभा केला तर यांतील पुष्कळ धक्के टळतात.

चौकटीचे जे पैसे वांचतील त्यांतून रात्रीच्या प्रवासाची तजवीज करावी. पुढच्या दिव्यांच्या कांचा पिवळ्या पडल्या असतील तर त्या बदलाव्या, आणि माल भरलेल्या स्थितींत दिव्यांचा रोख भिंतीवर पाहून जुळवून घ्यावा. मागें भार आला कीं तोंड वर होतें व दिवे आभाळाकडे पाहूं लागतात. मालवाहू गाडीस पुढें पांढरी, बाजूस पिवळी व मागें तांबडी चमकपट्टी नियमानेंच लागते. ती चिखलानें झांकली कीं नसल्यासारखीच, म्हणून निघण्यापूर्वीं फडकें मारावें. मागची पट्टी तर बंपरहून अधिक जीव वांचविते, कारण रस्त्याच्या कडेस बंद पडलेल्या बिनदिव्याच्या गाडीवर किंवा ट्रॉलीवर मागून येऊन आदळणें हा आमच्या भागांतील नेहमींचा अपघात आहे. ट्रॉली शेतकऱ्याचीच असते, हें येथें नमूद केलें पाहिजे.

रोही कोठें आडवा येतो हें नशिबावर सोडण्याचें कारण नाहीं. हें जनावर ठराविक जागीं येऊन लेंड्या टाकतें; रस्त्याकडेला अशा लेंड्यांचा जुना-नवा ढीग दिसला म्हणजे ती त्याची नेहमींची वाट समजावी. आपल्या नेहमींच्या रस्त्यावरील अशा जागा चालकास दिवसा दाखवून ठेवाव्यात. अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत, आणि तूर उभी असेपर्यंत विशेष करून, तेथें वेग चाळिसाच्या आंत आणावा. एक जनावर ओलांडून गेलें म्हणजे रस्ता मोकळा झाला असें समजूं नये, मागून कळप येत असतो. समोर आलेंच तर आपल्याच पट्टींत सरळ राहून जोरानें ब्रेक दाबावा, दिवा खालीं करावा, भोंगा वाजवावा, परंतु चाक फिरवूं नये. चालक पगारी असेल तर पहांटेच्या बाजारास उशीर झाला म्हणून त्याच्यावर रागावणारा मालक स्वतःच त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर ठेवीत असतो.

ज्यांच्या गाडीस चौकट आधींच बसविलेली आहे त्यांनीं ती तोड संपल्यावर, गाडी मोकळी असतांना उतरवावी. बोल्ट गंजले असल्यास आदल्या रात्रीं तेल सोडून ठेवावें. गॅसनें कापूं नयेत, कारण ज्योत चासीपर्यंत पोंचते. नवीं पाडलेलीं भोकें तशींच उघडीं ठेवूं नयेत, घासून गंजरोधक रंग लावून रबरी बुचानें बंद करावींत. चौकट बसवितांना मूळचा बंपर काढून कोठ्यांत टाकला असेल तर तो शोधून आधारांसह परत बसवावा, आणि दिव्यांचा रोख पुन्हा पाहून घ्यावा. उतरलेला नळ भंगारांत देण्याची घाई नको; पन्नास किलो चांगल्या लोखंडांत गोठ्याचें एक मजबूत फाटक होतें.